उत्तर आलं, पण कुणाच्या प्रश्नाला?

(तालुका पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

काल रात्री जेवणं झाल्यावर आपण गप्पा मारत बसलो होतो, तेव्हा तुमच्यातल्याच एका मैत्रिणीने मला विचारलं, "ताई, आता मोबाईलला प्रश्न विचारला की तो मराठीत उत्तर देतो. कायद्याचं सांगतो, आजाराचं सांगतो, अर्जाचा मसुदासुद्धा लिहून देतो. मग दोन वर्षांनी आपल्या केंद्रात बाया कशाला येतील?" मी तिला म्हटलं, उद्या माझं सत्र आहे, त्यात बोलते. रात्री विचार करताना लक्षात आलं, की हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा आलेला नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीही तो आला होता, फक्त तेव्हाचं यंत्र साधं होतं. तेव्हा आम्ही काय केलं आणि आमचं कुठे चुकलं, ते आज सांगणार आहे. ही यशाची गोष्ट नाही, हे आधीच सांगते.

मेसेज करा, उत्तर मिळवा

२०१२ साली मी एम.एस.डब्ल्यू. होऊन नुकतीच कामाला लागले होते. तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्र होतं. आठवड्यातले दोन दिवस तिथे बसायचं आणि बाकीचे दिवस वाड्या-वस्त्यांवर बचत गटांच्या बैठकांना जायचं, असं कामाचं स्वरूप होतं. खेड्यात तेव्हा स्मार्टफोन क्वचितच दिसायचा. बटणांचा साधा फोन असायचा, तोही घरात एकच. त्या साध्या फोनवर प्रश्नोत्तराच्या सेवा चालायच्या. ठराविक नंबरावर प्रश्न मेसेज करायचा, थोड्या वेळाने उत्तराचा मेसेज यायचा. क्रिकेटचा स्कोअर, सोन्याचा भाव, एखाद्या शब्दाचा अर्थ, काहीही विचारा.

ही कल्पना फक्त आपल्याकडची नव्हती. इंग्लंडमध्ये २००४ साली कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मेसेजवर देणारी सेवा सुरू झाली होती, एका उत्तराला एक पौंड. अमेरिकेत 'चाचा' नावाच्या कंपनीने २००८ पासून मेसेजवर उत्तरं द्यायला सुरुवात केली. ती कंपनी २०१६ मध्ये बंद पडली. आपल्याकडेही अशा सेवा आल्या आणि इंटरनेट स्वस्त झाल्यावर मागे पडल्या.

आमच्या एका गटात एका काकूंची मुलगी कॉलेजला जायची. तिने ही सेवा गटात आणली. एका प्रश्नाला तीन रुपये कटायचे. पहिल्या दिवशी बायांनी गंमत म्हणून गावच्या यात्रेची तारीख विचारली, ती चुकीची आली आणि सगळ्याजणी हसल्या. मग हळूहळू खरे प्रश्न यायला लागले. मला त्याचा आनंदच झाला, हे कबूल करते. चौदा-पंधरा गावं आणि मी एकटी. एरवी जी बाई चार बैठकांत तोंड उघडत नाही, ती मुलीच्या कानात प्रश्न सांगत होती, आणि मुलगी तो फोनवर टाकत होती. पोलीस ठाण्याची पायरी नको, डॉक्टरची नजर नको, कुणाचं 'कशाला आलीस' नको. हा फायदा खरा होता आणि आजही तो नाकारायचं कारण नाही.

मी एक वही केली. डाव्या पानावर बाईने विचारलेला प्रश्न तिच्याच शब्दांत, उजव्या पानावर आलेलं उत्तर. दोन महिन्यांत चाळीसच्या आसपास प्रश्न झाले. आज त्यातले तीनच सांगते.

पहिला प्रश्न: नवरा मारतो, काय करू?

हा प्रश्न देवनागरीत लिहायला गेलं की काय होतं पाहा. 'नवरा मारतो काय करू'. आपल्या डोळ्यांना ही दहा अक्षरं दिसतात. फोन मात्र काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि मधली मोकळी जागा, सगळं वेगळं मोजतो. त्याच्या हिशेबाने ही अठरा होतात. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. पुढे गेलं की दुसरा मेसेज, म्हणजे दुसरे पैसे. शिवाय अनेक फोनवर मराठी उमटायचंच नाही, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून बाई मराठीत बोलायची, मुलगी ते रोमन लिपीत टाकायची, उत्तर इंग्रजीत यायचं आणि मुलगी त्याचं पुन्हा मराठी करून सांगायची. एवढ्या हातांतून गेलेल्या प्रश्नात बाईचं म्हणावं असं किती उरत असेल?

उत्तर आलं ते असं: कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ मध्ये झाला आहे, आपल्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याशी संपर्क साधा.

उत्तर बरोबर होतं. पण संरक्षण अधिकारी बसतात कुठे, हे त्यात नव्हतं. तेव्हा तर अनेक ठिकाणी ही जबाबदारी दुसऱ्याच खात्याच्या अधिकाऱ्याकडे जादा कामाचा भाग म्हणून असायची आणि त्याच्या कचेरीतल्या शिपायालाही ते ठाऊक नसायचं. बाईने उत्तर ऐकलं, "बरं" म्हणाली आणि भाकऱ्यांची वेळ झाली म्हणून उठून गेली.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती शेंगा फोडत होती, मीही फोडायला बसले. तासाभराने ती म्हणाली, "तक्रार केली तर मला घराबाहेर काढतील का हो? पोरांना घेऊन माहेरी जायची सोय नाही. मला घर सोडायचं नाही, फक्त मारणं थांबायला पाहिजे."

खरा प्रश्न हा होता. आणि याचं उत्तर त्याच कायद्यात आहे. कलम १७ प्रमाणे, घर नवऱ्याच्या नावावर असो वा सासऱ्याच्या, एकत्र नांदत असलेल्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. कलम १८ प्रमाणे न्यायदंडाधिकारी मारहाण थांबवण्याचा आदेश देऊ शकतात, कलम १९ प्रमाणे तिला घराबाहेर काढू नये असा आदेश देऊ शकतात. अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लावावी, असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तसं किती ठिकाणी होतं, हे तुम्ही सगळ्याजणी जाणता. पण तिच्या भीतीला कायद्यात उत्तर होतं. मेसेजने तिला कायद्याचं नाव सांगितलं होतं, तिच्या भीतीला तो शिवलाच नव्हता. कारण ती भीती प्रश्नात लिहिलेली नव्हती. ती बाहेर यायला शेंगांची अर्धी पाटी फोडावी लागली.

दुसरा प्रश्न: पोट पाडणं गुन्हा आहे का?

हा प्रश्न तीन लेकरांच्या आईचा. दोन महिने झाले होते. तिने थेट विचारलं नाही, "आमच्या शेजारच्या बाईला विचारायचंय" असं म्हणाली. ते वर्ष आठवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली असल्याचं कळलं होतं. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. सगळीकडे पथनाट्यं, भिंतींवर घोषणा. त्या मोहिमेत आपणही होतो. पण त्या घोषणांमधून खेड्यातल्या बाईला एवढंच कळलं, की गर्भपात म्हणजे गुन्हा.

उत्तर आलं: स्त्रीभ्रूणहत्या हा गुन्हा आहे, त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे.

विचारलं होतं एक, उत्तर आलं भलतंच. पलीकडे माणूस होता की यंत्र, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. पण असं का होतं, ते मला पुढे युगांडातला एक प्रयोग वाचताना कळलं. तिथे २००९ मध्ये गूगल, ग्रामीण फाउंडेशन आणि एमटीएन ही फोन कंपनी यांनी मिळून मेसेजवर आरोग्याचा सल्ला देणारी सेवा काढली. लैंगिक आरोग्याबद्दल उघड विचारायची लाज वाटते, तेव्हा फोनवर विचारा, असा त्यामागचा चांगला हेतू. पलीकडे माणूस नव्हता. सल्ल्यांचा साठा भरून ठेवलेला होता आणि प्रश्नातले शब्द पाहून यंत्र त्यातला जुळणारा सल्ला काढून पाठवायचं. जेमिसन, कार्लन आणि राफ्लर या अभ्यासकांनी तिथल्या खेड्यांमध्ये याची तपासणी केली. सेवा मिळाल्याने लोकांचं ज्ञान वाढेल आणि वागणं अधिक सुरक्षित होईल ही अपेक्षा खरी ठरली नाही, असं त्यांना आढळलं. काही बाबतींत तर उलटाच परिणाम दिसला. माहिती खोटी होती असं नाही. विचारणाऱ्याची गरज आणि साठ्यातला सल्ला, यांची गाठ पडत नव्हती.

आमच्या बाईचंही तेच झालं. 'गर्भपात' हा शब्द सापडला आणि त्याच्या जवळचं तयार उत्तर आलं. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे आणि लिंगनिदानाविरुद्धचा कायदा वेगळा आहे, १९९४ चा. तिच्या बाबतीत पहिला कायदा लागू होता आणि दोन महिन्यांच्या गर्भासाठी सरकारी दवाखान्यात रीतसर सोय होती. पण तिचा खरा प्रश्न आणखी वेगळाच निघाला. "नवऱ्याची सही लागते का?" सज्ञान बाईला स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखाने मात्र ती मागत राहतात. हे कुणी सोबत जाऊन दवाखान्यात सांगावं लागतं, मेसेज दाखवून भागत नाही.

ती घाबरून तीन आठवडे गप्प बसली. तिसऱ्या आठवड्यात सुईणीकडून काहीतरी औषध आणायच्या बेतात होती, तेव्हा तिच्या जावेने आम्हाला निरोप धाडला. वेळेत कळलं म्हणून निभावलं.

या निमित्ताने आणखी एक सांगते. उत्तराला तारीख असते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, काही प्रवर्गांतल्या स्त्रियांसाठी मुदत २० आठवड्यांवरून २४ आठवडे झाली, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात धरलं. आपण ज्याला वर्षानुवर्षं '४९८ अ' म्हणत आलो, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये गेलं. किती केंद्रांच्या भिंतीवर अजून जुने तक्ते आहेत, घरी गेल्यावर बघा.

तिसरा प्रश्न: बापाच्या जमिनीत माझा वाटा आहे का?

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

चाळिशीच्या एका बाईने हा प्रश्न विचारला. उत्तर पाचच मिनिटांत आलं. होय, २००५ च्या दुरुस्तीप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. मुलीने ते वाचून दाखवलं. सगळ्या गटाने टाळ्या वाजवल्या. आणि मी, शिकलेली कार्यकर्ती, तिथे बसून म्हणाले, "बघा मावशी, हक्क आहे तुमचा. कुणी काढून घेऊ शकत नाही."

पंधरा दिवसांनी ती केंद्रात आली. हातात पिशवी, पिशवीत कागदाची नक्कल. म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणाला होतात हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. मग भाऊ आता म्हणतो, तुझं काही राहिलं नाही." मी कागद पाहिला. हक्कसोडपत्र होतं, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेलं, त्यावर तिची सही आणि अंगठा.

घडलं होतं ते असं. भावाने तिला आधीच निरोप दिला होता, की गुरुवारी तालुक्याला ये, एका कागदावर सही करायची आहे. त्या आधीच्या मंगळवारी तिने गटात प्रश्न विचारला. उत्तर ऐकून ती निश्चिंत झाली. सरकारने हक्क दिलाच आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही, मग भावाच्या समाधानासाठी सही केली तर काय बिघडतंय? उलट भाऊबिजेला माहेर शाबूत राहील. या हिशेबाने ती गेली आणि सही करून आली. भावाने साडी दिली.

मैत्रिणींनो, मेसेजातलं उत्तर चूक नव्हतं. माझ्या वाक्यात मात्र मोठी चूक होती. हक्क दुसऱ्याला काढून घेता येत नाही, पण आपणच सही करून सोडता येतो, एवढं एक वाक्य मी बोलले नाही. कारण ती हा प्रश्न आजच का विचारते आहे, हे मी विचारलंच नव्हतं. जमीन वडिलोपार्जित आहे की बापाने कमावलेली, बाप हयात आहे का, २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली आहे का, आणि कुणी कशावर सही मागितली आहे का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय 'होय' म्हणणं म्हणजे अंधारात दगड मारणं. यातल्या शेवटच्या प्रश्नाने सगळं कळलं असतं.

मी तिला वकिलांकडे नेलं. ते म्हणाले, फसवून सही घेतली असं म्हणून दिवाणी दावा लावता येईल, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. ती ऐकत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "भावावर कोर्टात जाऊ? मग आईच्या तिसऱ्याला मला कोण बोलावील?" तिने दावा लावला नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, बाप ९ सप्टेंबर २००५ ला हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. सगळ्या गटांनी तो निकाल आनंदाने वाचला. मला त्या दिवशी तिची पिशवी आठवत होती.

उत्तर देणारं कोण?

त्या काळी मला त्या सेवेचा फार राग आला होता. तीन रुपये घेऊन अर्धवट उत्तर देणारे हे कोण? आमच्याकडच्या सेवेत पलीकडे काय होतं, हे मला कधी कळलं नाही. अमेरिकेतल्या सेवांबद्दल मात्र पुढे वाचायला मिळालं. 'चाचा'मध्ये उत्तरं देणारी माणसं घरी बसून काम करायची, एका उत्तरामागे दहा-वीस सेंट मिळायचे. अशाच दुसऱ्या एका कंपनीत घरून उत्तरं देणाऱ्या हजारो जणांना किमान वेतनाइतकेही पैसे पडत नव्हते. अमेरिकेच्या कामगार खात्याने लक्ष घातल्यावर कंपनीला थकबाकी द्यावी लागली.

नगावर काम म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या सोलापूर-सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायांना हजार विड्यांवर मजुरी मिळते. ज्याला उत्तरांच्या संख्येवर पैसे मिळतात, तो 'बाई, तुम्ही हे आज का विचारताय?' असं उलट विचारायला थांबणार कसा? उलट विचारण्याचे पैसे कुणीच देत नाही. माझा त्या माणसांवरचा राग गेला. आता तर पलीकडे माणूसही नसतो.

फोन कुणाच्या खिशात?

एका गोष्टीची आम्हाला आधी कल्पनाच आली नव्हती. एका बाईने नवऱ्याच्या फोनवरून प्रश्न पाठवला. उत्तर यायला उशीर झाला. ते आलं तेव्हा फोन नवऱ्याच्या खिशात होता आणि तो पारावर बसला होता. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलं. ती महिनाभर गटात आली नाही.

हा प्रश्न जुना झाला, असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, स्वतः वापरायला मोबाईल आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. म्हणजे जवळपास निम्म्या बायांना फोन मागून घ्यावा लागत होता. आणि ज्यांच्याकडे आहे, त्यांचा फोन घरात कोण कोण उघडून बघतं, हे तुम्ही रोज ऐकता. आजच्या फोनमध्ये विचारलेले प्रश्न साठून राहतात. प्रश्न कसा पुसायचा, हेही आता आपल्या शिबिरात शिकवलं पाहिजे.

आपली उत्तरं तरी काय वेगळी?

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई यंत्राच्या विरोधात आहे. तसं नाही. मला खरी अस्वस्थता आली ती नंतर. ती वही घेऊन मी एक दिवस केंद्राचं रजिस्टर उघडलं. आमच्या रजिस्टरला शेवटचा रकाना होता, 'दिलेला सल्ला'. त्यात माझ्याच अक्षरात काय लिहिलेलं होतं? 'कायदेशीर माहिती दिली.' 'संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवले.' 'समजूत काढली.' मोजून पाहिलं तर ही उत्तरं मेसेजपेक्षाही लहान होती. बाईने पहिल्यांदा काय विचारलं आणि जाताना काय विचारलं, यातला फरक रजिस्टरमध्ये कुठेच नव्हता. फेरफाराची नोटीस कुणाला आली, तिने पुढे काय केलं, काहीच नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आमच्याकडून पानंच्या पानं नोंदी लिहून घेत, बाई काय बोलली, कुठे थांबली, तेही लिहा म्हणून. नोकरीला लागल्यावर वर्षभरात ते सगळं सुटलं. बाहेर सहा बाया बसलेल्या असतात, महिन्याचा अहवाल द्यायचा असतो, अहवालात किती केसेस केल्या तो आकडा लागतो. म्हणजे मीही नगावरच काम करत होते.

म्हणून, मैत्रिणींनो, कालच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. जर आपण केंद्रात बसून कलमं आणि पत्ते सांगत असू, तर बाया आपल्याकडे येणार नाहीत आणि येऊही नये. ते काम फोन आपल्यापेक्षा लवकर करतो. त्यासाठी तो जरूर वापरा. अर्जाचा नमुना, कागदपत्रांची यादी, कचेरीची वेळ, यासाठी बाईला दोन चकरा मारायला लावू नका. १८१ हा महिलांसाठीचा नंबर, तातडीला ११२, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, हे नंबर प्रत्येकीच्या तोंडी असायला हवेत. १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, हेही सांगा. फक्त यंत्राने सांगितलेलं कलम वकिलाकडून किंवा कायद्याच्या पुस्तकातून ताडून पाहिल्याशिवाय बाईला सांगू नका. यंत्र आता गोड बोलतं, पूर्ण वाक्यात बोलतं, त्यामुळे चूक असली तरी खरंच वाटतं.

पण फोनला जे येत नाही ते आपल्याला यायला हवं. आम्ही त्या वहीनंतर केंद्रात एक पद्धत पाडली. उत्तर देण्याआधी पाच गोष्टी विचारायच्या. हे आजच का विचारावंसं वाटलं? कुणी काही करायला सांगितलंय का, आणि कधीपर्यंत? हा प्रश्न घरात कुणाला माहीत आहे? कुणाला कळलं तर काय होईल? आणि उत्तर मिळाल्यावर उद्या सकाळी तुम्ही काय करणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'गुरुवारी सही करून टाकते' असं तिने त्यावर सांगितलं असतं.

आणि सहावी गोष्ट आपल्यासाठी. पंधरा दिवसांनी तिची गाठ घ्यायची आणि विचारायचं, उत्तराचा काय उपयोग झाला? झाला नसेल तर तसं रजिस्टरमध्ये लिहायचं. लाज वाटते, पण लिहायचं.

शेवटी त्या मावशींबद्दल सांगून थांबते. ती गट सोडून गेली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. पुढच्या वर्षी त्याच गटात एका तरुण सुनेने सहज म्हटलं, "पुढच्या बैठकीला मी नाही, भाऊ न्यायला येणार आहे, तालुक्याला काम आहे." मी हजेरी लिहीत होते, माझ्या काही ध्यानात आलं नाही. मावशींनी मान वर केली आणि विचारलं, "कसलं काम गं? सही करायला बोलावलंय का?"

सून गप्प झाली. बैठक तासभर लांबली. त्या सुनेने सही केली नाही, निदान तेव्हा तरी नाही. तिच्या वाट्याचं काय करायचं ते तिने पुढे भावासमोर बसून ठरवलं.

मावशींना कलम माहीत नव्हतं, निकाल माहीत नव्हता. काय विचारायचं ते माहीत होतं. तुमच्या केंद्राच्या वहीत असे प्रश्न असतील, उत्तर देऊनही उपयोग न झालेले. नावं-गावं काढून ते आपल्या त्रैमासिकाकडे पाठवा. एकमेकींचे चुकलेले प्रश्न वाचून आपण शिकू.